नवा माल पुढे

पॉलिशवाल्याची मी जिरवली, आणि परत वेळ आली तर परत जिरवीन. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी "चुकून झालं असेल गं तुझ्याकडून" असं म्हणायला नको. चुकून काही झालं नाही. नीट बसून, डोकं लावून, दोनदा खोडून लिहिलेली ओळ होती ती.

आमच्या रस्त्यावर शिंप्याच्या दुकानाशेजारचा जिना चढून गेलं की डाव्या हाताला पॉलिशवाल्याचा क्लास. नव्यानं पास झालेल्या पोरांना तो नोकरीचे अर्ज सुधारून देतो. दारावर पाटी आहे, 'हिरा तुम्ही, पॉलिश आमचं'. सगळे त्याला सर म्हणतात. मी पॉलिशवाला म्हणते.

माझी ताई पदवीधर झाली. आमच्या घरातली पहिलीच. मी नववीत शाळा सोडली, त्यामुळे घराची सरासरी काय ती तिनंच सांभाळली. पण चार महिन्यांत एकतीस अर्ज पाठवून उत्तरं आली तीन, आणि त्यातली दोन "आपला अर्ज मिळाला" एवढीच. आई रोज विचारायची, "काही आलं का गं?" मग तिनं विचारायचं सोडलं. ते जास्त लागायचं.

एक दिवस मी तिचा अर्ज उचलून वाचला. नाव, पत्ता, मार्क, आणि खाली 'मी मेहनती, प्रामाणिक व होतकरू आहे'.

"ताई, हे वाचून मीसुद्धा तुला कामावर ठेवणार नाही."

"मग काय लिहू? मी केलंय काय आत्तापर्यंत, अभ्यास सोडून?"

"पट्ट्या कोणी केल्या? शेजारणीनं?"

पट्ट्यांचं असं झालं होतं. मी स्कूटरच्या सुट्या भागांच्या दुकानात काम करते. भिंतभर डबे. नट, वॉशर, केबल, बल्ब, सगळं. माल संपलाय हे आमच्या मालकाला कधी कळायचं, तर गिऱ्हाईक समोर उभं राहिलं आणि डब्यात हात घातला की. सुट्टीत ताई दुकानात यायची नुसती बसायला. तिला ते बघवेना. तिनं प्रत्येक डब्याच्या आत ठरावीक उंचीवर पट्टी चिकटवली. माल काढता काढता पट्टी दिसली की तो माल मागवायचा. मोजायला नको, आठवायला नको. मी दाराशी बसून रिकाम्या हातानं परत जाणारी गिऱ्हाइकं मोजून ठेवायचे, कागदावर रेघा मारून. रोजची अकरा जायची. दीड महिन्यानं दोन जायला लागली.

"हे लिही. अकरावरून दोन," मी म्हटलं.

"हे असलं अर्जात लिहितात?"

"तू मेहनती आहेस हे कोण खोटं म्हणणारे? सगळेच मेहनती असतात अर्जात. पट्ट्या कोणी चिकटवल्यात?"

तिनं लिहिलं. पण तिचा जीव भांड्यात पडेना, म्हणून कोणातरी मोठ्याच्या नजरेखालून घालावं म्हणून पॉलिशवाल्याकडे गेली. मी सोबत गेले.

त्यानं अर्ज वाचला. वरचं सगळं भराभर वाचलं आणि पट्टीवर आला तसा थांबला. मी त्याचे डोळे बघत होते. मांजराला दुधाचं पातेलं दिसावं तसे झाले.

"हे छान आहे. फक्त पांढरी पट्टी? पांढऱ्यात काय दम आहे? लाल कर."

"पण सर, पांढरीच होती."

"अगं बाई, मुलाखत घेणारा तुझे डबे मोजायला येणारे का? लाल म्हटलं की धोका, लक्ष, निर्णय, सगळं आलं. याला म्हणतात पॉलिश."

ताईनं मान डोलावली. डिग्रीवाल्यांचं हेच वाईट. समोर 'सर' असला की खऱ्याचं खोटं करायला पण मान डोलावतात.

महिन्याभरात एका औषधांच्या मोठ्या गोदामातून बोलावणं आलं. स्टोअर असिस्टंटच्या जागा होत्या. ताईनं आईची चांगली पर्स घेतली, मी मालकाकडून अर्धा दिवस सुट्टी घेतली, आणि आम्ही दोघी तिथल्या लांबट खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर जाऊन बसलो. समोर मुलाखतीची खोली. दाराचा खटका मोडलेला, त्यामुळे दार लागतच नव्हतं, वीतभर उघडंच राहायचं. आतलं निम्मं बोलणं बाहेर यायचं.

माझ्या शेजारी एक पोरगा होता. दोन माणसं मावतील असा ढगळ शर्ट, बहुतेक बापाचा. डोळे मिटून पुटपुटत होता. मी कान दिला.

"...डब्यांना लाल पट्टीची पद्धत बसवली, त्यामुळे रिकाम्या हाती परतणारे ग्राहक अकरावरून दोनवर..."

मी त्याच्या हातातला कागद ओढलाच. तीच ओळ. स्वल्पविरामासकट तीच.

"ए, काय करतेस? फाटेल ना!"

"हे तू केलंस?"

"सरांनी घातलंय. सगळ्यांच्याच घातलंय. त्यांना कोणाच्याही अर्जात चांगली ओळ दिसली की फाईलला लावतात. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना."

तेवढ्यात ताईचं नाव पुकारलं. मी तिला थांबवायला उठले, पण ती आत गेली होती. मी दाराच्या फटीशी उभी राहिले.

गोदामाच्या मॅडम, पन्नाशीच्या, चष्मा दोरीला अडकवलेला, समोर अर्जांचा गठ्ठा. त्यांनी ताईचा अर्ज वाचला आणि हसल्या. वाईट हसल्या.

"अकरावरून दोन का?"

"हो मॅडम."

"आज सकाळपासून तुम्ही सहाव्या आहात. हे शहर एवढं लाल पट्ट्यांनी भरलंय आणि मला कुठे दिसेना कसं?"

"मॅडम, ते मी खरंच..."

"सगळेच खरंच म्हणाले. एकजण तर शपथेवर म्हणाला. बसू नका, राहू द्या. या तुम्ही."

बसू पण दिलं नाही. ताई बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडाचा रंग गेलेला. बसस्टॉपपर्यंत पर्स छातीशी धरून चालली. मग म्हणाली, "मला खोटारडी म्हणाली ती." आणि रडली. एकतीस अर्ज कचऱ्यात गेले तेव्हा रडली नव्हती. स्वतःच्या हातानं केलेली एकच गोष्ट, आणि तिच्यावरच चोर ठरली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिला घरी सोडलं आणि तशीच पॉलिशवाल्याच्या जिन्यावर.

क्लास भरलेला. मी दारातूनच म्हटलं, "ताईची ओळ सगळ्यांना वाटलीत?"

तो खुर्चीवरून उठला पण नाही. "वाटली म्हणजे? चांगलं वाक्य एकाच्या घरी कुजत ठेवायचं का?"

"तिनं केलेलं काम आहे ते. तिला आज तिथून हाकललं, चोर म्हणून."

"त्या ओळीवर काय तिचं नाव कोरलंय? आणि तू काय शिकलीस गं?"

मी जिन्याकडे वळले.

"नाही, सांग ना सगळ्यांना. कितवीत सोडलीस?" तो पोरांकडे वळला. "बघा, हिच्याकडून आता आपण अर्ज लिहायला शिकायचं."

पोरं हसली. सगळी नाही, पण हसली. मी खाली आले. शिंप्याच्या मशीनचा आवाज चालू होता, मी जिन्याखाली वर त्याच्या दाराकडे बघत दोन मिनिटं उभी राहिले. मनात एकच, याला असा आपटायचा की आपटणारं कोण हे कळायच्या आत तोंडात माती. दगड मारून काच फोडणं सोपं होतं. पण काच तो दुसऱ्या दिवशी बसवेल. त्याची खोड आहे ना, दुसऱ्याचं चांगलं दिसलं की उचलायचं? मग त्याला उचलायलाच द्यायचं.

तीन आठवड्यांनी त्याच गोदामाची जाहिरात परत आली. साहजिक आहे, सगळेच पट्टीवाले निघाले तर घेणार कोणाला? मी ताईच्या पुढ्यात जाहिरात टाकली.

"मी नाही जाणार. ती बाई मला दारातच ओळखेल," ताई म्हणाली.

"ओळखू दे. तेच वर लिही, पहिल्याच ओळीत. 'मी मागच्या वेळी आले होते, सहावी लाल पट्टीवाली मीच.'"

"वेडी आहेस का?"

आम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो होतो, आई ओट्याशी. आईच म्हणाली, "अगं, पण ती पट्टी तुम्ही आधी लालच लावलेली ना? मग सगळी सोलून परत का लावत बसला होतात? नखं तुटली होती हिची."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. खरंच की. पहिला आठवडा लाल पट्टीच होती, आणि काम अजिबात चाललं नव्हतं. डबे हिरवे, आणि आमच्या मालकाला लाल-हिरव्यातला फरकच दिसत नाही! त्यानं ते आयुष्यभर कोणाला सांगितलं नव्हतं. मी त्याच्यावर आठ दिवस ओरडत होते, "अहो, पट्टी दिसतेय, माल मागवा की!" आणि तो नुसता डब्यात बघत बसायचा. ताईनंच ओळखलं. सगळ्या पट्ट्या सोलून पांढऱ्या लावल्या, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

"हे लिही, कसं फसलं ते," मी म्हटलं. "चांगलं झालेलं कोणीपण ढापेल. फसलेलं कोण ढापणारे?"

ताईनं त्या रात्री एक पान लिहिलं. मेहनती नाही, होतकरू नाही. दुकान काय, अडचण काय, पहिल्यांदा का फसलं, मग काय केलं. खाली मालकाचा फोन नंबर. इतका साधा अर्ज मी बघितला नव्हता, आणि मी तर ताईच्या नादानं डझनभर बघितले होते.

ते तिचं झालं. आता माझं.

ढगळ शर्टवाला पोरगा मला क्लासच्या जिन्याखाली भेटला. भोळा. त्या दिवशीच्या कागद-ओढीबद्दल तोच मला सॉरी म्हणाला! आईला दम्याचा त्रास, बाप थकलेला, आणि हा एक वर्ष झालं रिकामा.

"तुला एक ओळ देऊ? दुकानातली आहे, अस्सल. पण सरांना सांग, तूच केलंस म्हणून. माझं नाव काढलंस तर ते घेणार नाहीत."

"मला कशाला देतेस?"

"तू सॉरी म्हणालास म्हणून."

त्यानं कागद घेतला, दोनदा वाचला. मी लिहिलं होतं, 'कपाटात नवा आलेला माल पुढे आणि जुना माल मागे लावण्याची पद्धत सुरू केली, त्यामुळे ग्राहकांना कायम ताजा माल मिळू लागला.'

ऐकायला कसं गोड वाटतं ना? ज्यानं जन्मात एकदाही फळीवर माल लावलेला नाही, त्याला गोडच वाटणार. पण दुकानात पहिल्या दिवशी आलेल्या पोराला पण कळतं, जुना पुढे, नवा मागे. उलटं केलंस तर जुना मागेच सडतो, त्याची तारीख उलटते, आणि मग सगळा उकिरड्यावर. आणि हे तर औषधांचं गोदाम.

"भारी आहे," पोरगा म्हणाला. "थँक्यू हं."

मी म्हटलं नाही, की तू स्वतः हे पाठवू नकोस. जिभेवर आलं होतं. पण तो तसाच्या तसा गळाला लागला नाही तर पॉलिशवाला लागणार नाही, हेही माहीत होतं. गिळलं.

दुसऱ्या मुलाखतीला मी गेले नसते तरी चाललं असतं. पण स्वतः रांधलेलं ताटात कसं पडतं ते बघायचं नाही होय? दाराचा खटका अजून तसाच. खुर्च्यांवर क्लासची नऊ पोरं ओळीनं. नऊच्या नऊ पुटपुटत होती, "नवा माल पुढे." मला हसू दाबून दाबून कळा आल्या.

पहिली मुलगी आत गेली. ओळ म्हणाली. आतून मॅडमचा आवाज, "मग जुना माल कधी निघणार?"

"तो... मागे असतो, मॅडम."

"ते कळलं. तो मागेच राहिला आणि त्याची तारीख गेली तर ते औषध कोण घेणार? तुम्ही?"

दुसरा गेला. तिसरी गेली. चौथा ढगळ शर्टवाला. त्यानं तर पुढचं रचून सांगितलं, मामाच्या दुकानात कसं केलं, गिऱ्हाईक कसं खूश झालं. प्रामाणिकपणे खोटं बोलत होता बिचारा. मॅडमनी टेबलावर चष्मा आपटला.

"कोण शिकवतं तुम्हाला हे? नंबर द्या त्यांचा."

फोन लावला, आणि स्पीकरवर ठेवला. बाहेर खुर्च्यांवरचे सगळे पुढे वाकले. मी फटीला चिकटले.

"नमस्कार, नमस्कार," पॉलिशवाल्याचा आवाज, तुपात तळलेला.

"तुमचे विद्यार्थी आलेत माझ्याकडे. नवा माल पुढे, जुना मागे, ही काय पद्धत आहे?"

मला वाटलं होतं तो पोरांवर ढकलून मोकळा होईल. पण खोड ती खोड. चांगलं दिसलं की माझं!

"मॅडम, ती माझी स्वतःची पद्धत आहे. अनेक वर्षांच्या अनुभवातून बसवलेली. मोठमोठ्या गोदामांत वापरतात."

"कुठल्या?"

"आता... नावं घेणं बरं दिसत नाही."

"मग या, माझ्याच गोदामात लावून दाखवा. औषधं आहेत. जुनी मागे सारा, आणि महिन्याभरानं जी लोकांना विकायची वेळ येईल ती आधी तुम्ही घ्या, माझ्यासमोर."

खुर्च्यांवर कोणीतरी फुसकन हसलं. मग सगळेच. फोन तिकडून कट झाला. मॅडमनी दार ढकललं, बाहेर आल्या, आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "त्या क्लासचा अर्ज यापुढे या टेबलावर येणार नाही. आणि माझ्या ओळखीतल्या चार गोदामांत पण नाही, मी आजच सांगते."

सांगू का, त्या क्षणी जे वाटलं ते जेवल्यावर पण वाटत नाही. माझी नववी तिथे पदवीच्या डोक्यावर चढून नाचली.

ताई शेवटी गेली. मॅडमनी अर्ज वर धरला. "सहावी लाल पट्टीवाली."

"लाल नव्हती, मॅडम. पांढरी. लाल लावली होती, पण मालकांना लाल दिसत नाही." आणि ती बोलत सुटली. नखं तुटल्यापासून सगळं. पंधरा मिनिटं. मध्ये मॅडमनी मालकाला फोन लावला. त्याचं बोलणं मला ऐकू आलं नाही, पण मॅडम हसल्या, आणि या वेळी चांगल्या हसल्या.

"सोमवारी या," म्हणाल्या. "मागच्या वेळी मी बसू दिलं नाही. चुकलं माझं."

घरी जाताना ताई बसमध्ये खिडकीकडे बघत होती. मला वाटलं आनंद पचवतेय. मग म्हणाली, "तो ढगळ शर्टवाला आत जायच्या आधी मला काय म्हणाला माहितीये? म्हणाला, तुझी बहीण देवमाणूस आहे, मला स्वतःची ओळ दिली."

मी तिकिटाची घडी घातली.

"तुला माहीत होतं ना, ओळ उलटी आहे?"

"पॉलिशवाल्याला आडवा केला की नाही? त्यानं तुला..."

"मला सांगू नकोस त्यानं मला काय केलं. त्या पोराला तू काय केलंस? आता चार गोदामांत त्याचा अर्ज कोणी उघडणार नाही."

"नऊजण होते. सगळे ढापूच होते, तुझ्या पट्टीचे पण."

"त्यांना सरांनी दिलं. याला तू दिलंस. हातात घेऊन."

त्यानंतर ताई माझ्याशी कामापुरतं बोलते. सोमवारपासून कामावर जाते, पहिल्या दिवशी आईला नमस्कार केला, माझ्या डोक्यावरून हात नाही फिरवला. पॉलिशवाल्याची पाटी दोन आठवड्यांत उतरली. आता तिथे शिंप्याचं कापड ठेवतात. जाता-येता बघते मी, अजून गोड वाटतं.

पण गेल्या रविवारी मी त्या पोराच्या घरी गेले. कोणी पाठवलं नव्हतं. त्यानंच दार उघडलं, या वेळी घरचा बनियन, हातात आईच्या दम्याचा पंप.

मी सगळं सांगितलं. ओळ उलटी आहे हे मला ठाऊक होतं, तू पाठवणार हे ठाऊक होतं, तरी दिली. सॉरी म्हटलं, पण ते माझ्याच कानाला भिकार लागलं.

"सरांसाठी होतं ना ते?" त्यानं विचारलं.

"हो."

"मग मला आधी सांगितलं असतंस तर मी स्वतः नेऊन दिली असती त्यांना. फक्त माझ्या अर्जातून काढून."

हे मला सुचलंच नव्हतं. खरंच नव्हतं. विचारलं असतं तर तोही माझ्याच बाजूनं होता की. मी म्हटलं, "मॅडमकडे जाऊन सांगते, ओळ माझी होती म्हणून. उद्याच जाते."

"तुझी ताई आहे तिथे. तिची नोकरी घालवशील."

आतून त्याची आई खोकली. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, जसं मी त्या दिवशी जिन्याखाली पॉलिशवाल्याच्या दाराकडे बघत होते तसं. शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. दार लावून घेतलं, हळू.

ते दार आपटलं असतं तर मी निवांत झोपले असते. आपटणारा माणूस तिथेच मोकळा होतो. हळू लावणारा डोकं लावत बसतो, हे माझ्याएवढं कोणाला माहीत? आता दुकानात बसलेली असते तेव्हा अनोळखी गिऱ्हाईक आलं की मी आधी रस्त्याच्या पलीकडे बघते. तो येईल. कधी, कसा, ते त्यानं ठरवायचं. आला तर मी पळणार नाही, आणि ताईला मध्ये घेणार नाही, एवढं ठरवलंय.